उठून गेलेल्यांचा विडा

सगळं जग एका सतरंजीवर बसवता येईल, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या आत्याचा नवरा. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. भोरला त्यांची वकिली होती, म्हणजे दारावर पाटी होती. पक्षकार आला की आतोबा त्याला आधी पाणी देत आणि मग कोर्टात न जाण्याचे फायदे समजावून सांगत. पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हाला राष्ट्रांची सभा भरू लागली आणि या गृहस्थांच्या जणू घरचंच कार्य निघालं. पुण्याहून मोटारीने येणारं वर्तमानपत्र गाठायला ते अनवाणीसुद्धा धावत. कुठला देश नव्याने आला, कोणी कोणाशी अबोला धरला, हे ते भाऊबंदांबद्दल बोलावं तसं बोलत. "अरे, पूर्वी टपालासाठी सगळे देश एकत्र बसले," ते मला सांगत. "पत्र पोचावं म्हणून बसले, तर माणूस जगावा म्हणून बसणार नाहीत?" मी तेव्हा शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो, भूगोल शिकवत होतो, तरी मला उत्तर सुचत नसे. आत्याला सुचे. "जगाचे तंटे मिटवा, पण आधी दळण आणा," ती म्हणे. आतोबा गिरणीवर जात, तिथे जमलेल्यांना निःशस्त्रीकरण समजावत आणि दुसऱ्याच कोणाचं तरी पीठ घेऊन घरी येत.

वेल्ह्याकडच्या डोंगरात एका ओढ्यावर वरचीवाडी, मधलीवाडी आणि खालचीवाडी अशा तीन वाड्या होत्या. पाटाच्या पाण्यावरून त्यांची दरवर्षी डोकी फुटत. ती भांडणं घेऊन मंडळी आतोबांकडे आली, आणि आतोबांनी चक्क तिन्ही वाड्यांची एक सभा स्थापन केली. अगदी जिनिव्हासारखी! बैठक मधल्यावाडीच्या देवळात, ती अमावास्येला, कारण त्या दिवशी औत धरत नाहीत. प्रत्येक वाडीला एक मत, आणि सगळ्यांना पटला तरच ठराव. सगळ्या मुलखात भांडखोर म्हणून गाजलेली ती माणसं पहिल्याच बैठकीत पाण्याच्या पाळ्या ठरवून मोकळी झाली. मी थक्क होऊन बघत राहिलो. आता फक्त विडे द्यायचे उरले होते.

तिथेच घोटाळा झाला. जिनिव्हाला म्हणे देश मुळाक्षरांच्या क्रमाने बसतात, म्हणून आतोबांनी विडेही त्याच क्रमाने दिले. ख आधी येतो, व शेवटी. पहिला विडा गेला खालच्यावाडीला, आणि त्या खोऱ्यात पहिल्या विड्याचा मान पिढ्यानपिढ्या वरच्यावाडीचा! त्यांचे म्हातारे पाटील ताडकन उठले. "आमी काय हितं उरलेली पानं चघळाय आलोय व्हय?" असं म्हणून ते आपली सगळी माणसं घेऊन चालते झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वरून पाट बंद केला. खाली गहू वाळायला लागला आणि खालच्यावाडीत कोयत्यांना धार लावणं सुरू झालं.

नेमका त्याच सुमारास जिनिव्हाहूनही एक मोठा देश उठून गेला. आतोबा त्या दिवशी जेवले नाहीत. "त्याला परत आणायला कोण गेलं? काही छापलंय का?"

"असं कोणी जात नसतं, आतोबा."

"मग तिला सभा कशाला म्हणायचं?" असं म्हणत त्यांनी छत्री उचलली. मला उन्हात चालायचा मनस्वी कंटाळा, पण त्या माणसाला एकट्याला सोडवेना.

मधल्यावाडीच्या देवळात त्यांनी उरलेल्या दोन्ही वाड्यांना बोलावलं. वरच्यावाडीच्या जागेवर कोणाला बसू दिलं नाही. मग खालच्यावाडीच्या कारभाऱ्याला म्हणाले, "पहिला विडा त्या जागेवर ठेवा. तुमच्या हाताने."

"त्यांचा कसला इडा? ते उठून गेलं न्हवं?"

"उठून गेलेत. मेलेले नाहीत."

कारभारी पुटपुटत उठला आणि त्याने विडा ठेवला. आतोबांनी तो उपरण्यात बांधला आणि चढ चढून थेट पाटलांच्या अंगणात जाऊन बसले. पाटील घराबाहेर येईनात. उन्हं डोक्यावर आली तसे दारात येऊन खेकसले, "वकीलसाहेब, हितं मरायचा इचार हाय का?"

"चूक माझी झाली, पाटील. मी अक्षरं बघत बसलो. हा तुमचा पहिला विडा. खालच्यावाडीने तुमच्या रिकाम्या जागेवर ठेवलाय."

"खालच्यांनी? सोताच्या हातानं?"

"सगळ्यांच्या देखत."

पाटलांनी विडा कपाळाला लावला. कोपऱ्यातलं खोरं घेतलं आणि स्वतः जाऊन पाट सोडला. ते पाणी खाली धावताना मी पाहिलं. या वेड्या माणसाने जगातल्या मोठ्यामोठ्यांना न जमलेलं काम करून दाखवलं होतं, आणि तो आपला चिखलात रुतलेली वहाण शोधत होता.

पुढे दुसरं महायुद्ध आलं आणि जिनिव्हाच्या सभेत काही राम उरला नाही. युद्ध संपल्यावर जगाची नवी सभा निघाली, तेव्हा आतोबा अंथरुणाला खिळलेले होते. मी त्यांना बातमी वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून सगळी ऐकली.

"उठून जाईल त्याला आणायला कोणी नेमलाय का रे?"

मी वर्तमानपत्र पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. तसं काही नव्हतं. "उद्याच्या अंकात येईल," मी म्हणालो.

"बघ हं नक्की."

आतोबांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. वर्तमानपत्र हातात आलं की मी अजून ते बघतो.