दोन किनाऱ्यांचा मेहुणा

दोन माणसांनी एकत्र येऊन काही घडवावं यासारखी सुंदर गोष्ट जगात नाही, असं माझा धाकटा मेहुणा गेली वीस वर्षं सांगत आला आहे, आणि या वीस वर्षांत त्याच्याशी ज्याचं पटलं असा माणूस मला अजून भेटायचा आहे. मीसुद्धा त्यात नाही. तो माझ्या बायकोचा भाऊ नसता तर मेलबर्नच्या पश्चिमेला, ट्रुगानिनात, त्याच्या घरापासून दोन रस्ते सोडून घर घेण्याची चूक मी केली नसती. रेल्वेच्या सिग्नल खात्यात तो इंजिनियर आहे. दोन गाड्या एका रुळावर समोरासमोर येऊ नयेत हे बघणं त्याचं काम, आणि माणसांच्या बाबतीतही तो हेच काम चोख करतो. एका शेजाऱ्याशी त्याचं कुंपणावरून बिनसलेलं आहे. तो शेजारी कचऱ्याचा डबा किती वाजता रस्त्यावर ठेवतो हे याला पाठ आहे. त्याआधी दहा मिनिटं हा आपला डबा ठेवून आत येतो, म्हणजे तोंड बघायला नको.

या माणसाला वेड आहे ते इंग्रज आणि अमेरिकन वादकांनी मिळून वाजवलेल्या जॅझचं. नुसता अमेरिकन जॅझ त्याला चालत नाही, नुसता इंग्रज तर मुळीच नाही, आणि मेलेल्या वादकांबद्दल त्याला काडीची आस्था नाही. आज वाजवणारे हवेत, आणि एक अटलांटिकच्या या काठावरचा, दुसरा त्या काठावरचा हवा. लंडनची सॅक्सोफोनवाली आणि शिकागोचा ड्रमवाला, ब्रिस्टलचा पियानोवाला आणि न्यूयॉर्कचा बासवाला, अशा जोड्या तो लग्न जुळवणाऱ्या बाईच्या उत्साहाने सांगतो. दोन गाड्यांच्या गॅरेजमध्ये त्याची एकही गाडी नाही, सगळ्या रेकॉर्ड्स आहेत. गाड्या बाहेर उन्हात तापत उभ्या. पाहुण्याला चहा मिळतो तो गॅरेजमध्ये, आणि तोही परीक्षा झाल्यावर. सुई टेकवली की तो डोळे मिटून विचारतो, "आता हे वाजवतोय तो लंडनचा की शिकागोचा?" मी एकदा म्हणालो, "मला तर विरारचा वाटतो." तेव्हापासून मला चहा बिनसाखरेचा मिळतो. मधुमेह त्याला आहे, मला नाही. स्वतः तो लंडनला गेलेला नाही, अमेरिकेलाही नाही. पण लंडनच्या कुठल्या गल्लीत, कुठल्या तळघरात, कोण कोणाबरोबर पहिल्यांदा वाजवायला बसला हे त्याला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं माहीत आहे.

आपणही असं काही करावं म्हणून त्याने एक बँड काढला होता. नाव 'दोन किनारे'. गिटारवर एक गोवेकर, तबल्यावर शेजारच्या टार्नेट उपनगरातला एक पंजाबी, सॅक्सोफोनवर हा. बँड दोन तालमी जगला. पहिल्या तालमीनंतर याने दोघांना ईमेल पाठवली. तीत कोण कुठल्या मात्रेला चुकलं याचा तक्ता होता, आणि याच्या स्वतःच्या नावापुढचा रकाना कोरा होता. दुसऱ्या तालमीत पंजाब्याने शांतपणे तबल्यावर कव्हर चढवलं आणि म्हणाला, "भाई, ये रिहर्सल है या परफॉर्मन्स रिव्ह्यू? ये तो मेरा मॅनेजर फ्री में करता है." गोवेकर 'सी या, मेट' म्हणून गेला तो गेलाच. मेहुण्याचं निदान असं की, दोघांनाही दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय नाही.

मागे एक लंडनची सॅक्सोफोनवाली आणि एक न्यूयॉर्कचा पियानोवाला मेलबर्नला आले होते, तेव्हा तो मला ओढून घेऊन गेला. संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. पण मध्येच त्या पियानोवाल्याचं बोट घसरलं, हे मलासुद्धा कळलं. ती बाई थबकली, त्याच्याकडे बघून हसली, आणि तिने तोच घसरलेला सूर उचलून पुन्हा वाजवला. मग त्याने वाजवला. पाच मिनिटं दोघं त्या चुकीभोवतीच फुगडी घालत राहिले. शेजारच्या खुर्चीवर हा माझा मेहुणा, ज्याने स्वतःच्या बापाच्या मयतीला डोळे कोरडे ठेवले होते, तो रुमाल काढून रडत होता. परतताना फ्रीवेवर तो म्हणाला, "बघितलंत ना भावोजी? चूक होते. पण समोरचा चुकणाऱ्याला एकटं पडू देत नाही. यालाच कोलॅबोरेशन म्हणतात." गाडी मी चालवत होतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान हे त्याच्या तोंडावर म्हणायला फ्रीवे ही जागा नव्हे.

कारण त्या मयतीला मी हजर होतो. माझे सासरे वसईचे, लग्नाच्या बँडचे मास्तर. थोरला मुलगा ट्रम्पेट वाजवायचा, धाकटा सॅक्सोफोन. आमच्या आळीतली एकही नवरी या दोघांच्या वाजवण्याशिवाय बापाच्या घरातून निघाली नाही, माझी बायकोसुद्धा. नंतर धाकट्याला व्हिसा मिळाला. थोरला बँड, आईबाप आणि केळीची बाग सांभाळत मागे राहिला. सासरे गेले तेव्हा धाकटा इथून धावत गेला आणि सॅक्सोफोन गळ्यात अडकवून बँडमध्ये उभा राहिला. घरापासून चर्चपर्यंतचा रस्ता, पुढे शवपेटी, मागे सगळा गाव. मधल्या वळणावर याने वाजवणं थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दादा, तू उतरलायस. सूर बघ." थोरल्याने ट्रम्पेट ओठांपासून काढलं, बगलेत धरलं आणि उरलेला रस्ता तो इतरांसारखाच मुकाट्याने शवपेटीमागून चालला. त्याचा सूर खरोखरच उतरला होता. आपल्या बापाला पोचवताना कुणाचा उतरणार नाही? पुढची नऊ वर्षं दोघं भाऊ बोलले नाहीत. माझी बायको दर रविवारी एकाला इथून फोन करायची आणि दुसऱ्याच्या घरी डबा घेऊन जायची, आणि याचं त्याला नि त्याचं याला अर्धंच सांगायची.

मग कधीतरी मेहुण्याने गॅरेजमध्ये आम्हाला नवी बातमी दिली. हल्ली हे इंग्रज-अमेरिकन वादक एका खोलीत येतातच असं नाही. शिकागोवाला आपलं वाजवणं रेकॉर्ड करून पाठवतो, लंडनवाली त्यावर आपलं वाजवते, मग काटछाट, जोडाजोड, आणि झाली रेकॉर्ड तयार. "समुद्र मध्ये राहिलाच नाही," तो म्हणाला. बायको भजी वाढत होती. ती म्हणाली, "मग दादाकडून मागव की. वसई इथून लंडनपेक्षा जवळ आहे." तो रेकॉर्डच्या पाकिटावरची धूळ पुसत बसला. मग म्हणाला, "तू विचार. मी विचारलं तर तो नाही म्हणेल." तिने हात धुतले आणि तिथूनच फोन लावला. माझ्या बायकोला गेल्या नऊ वर्षांत इतकं घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं. थोरला फक्त एवढंच म्हणाला, "कुठलं वाजवू?" आणि मग आपणच उत्तर दिलं, "नवरी निघतानाचं वाजवतो."

आठवड्याने रेकॉर्डिंग आलं. अकरा मिनिटांचं, फोनवर केलेलं. थोरला आता साठीचा, पुढचे दात जाऊन कवळी बसलेली. ट्रम्पेटवाल्याचे दात गेले की ओठांना मागे टेकू राहत नाही, हे बायकोने मला समजावलं. सूर थरथरत होता, मागे कुकरची शिट्टी होती, कोंबडा होता, आणि थोड्या थोड्या वेळाने वाजवणं बंद पडून नुसती शांतता होती. मेहुण्याने पहिली दोन मिनिटं ऐकली आणि कपाळाला हात लावला. "दमतोय तो. अर्ध्यात विसरतोय. असं कसं बाहेर दाखवायचं?" पुढचं त्याने ऐकलंच नाही, कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची वरखाली होणारी रेघ तेवढी पाहिली. हे काम माझ्याकडे आलं, कारण आयटीतल्या माणसाला सगळं येतं असा आमच्या घरात समज आहे. आणि खोटं कशाला बोलू, मलाही हुरूप आला होता. आवाज साफ करण्याच्या त्या प्रोग्रॅममध्ये शांतता आपोआप कापून टाकणारं एक बटण असतं. ते मीच त्याला दाखवलं. दोन शनिवार आम्ही बसलो. कुकर काढला, कोंबडा काढला, सूर ओढून जागेवर बसवले, रिकाम्या जागा मिटवल्या. अकरा मिनिटांची साडेचार मिनिटं झाली. त्यावर मेहुण्याने पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत सॅक्सोफोन वाजवला, कुठेही न थांबता. फार सुरेख वाजवला. या दोन शनिवारांत तो माझ्याशी एकदाही भांडला नाही, चहात साखरसुद्धा होती. "दादाला सरप्राइज देऊ," तो म्हणाला आणि पाठवून मोकळा झाला.

थोरल्याचं उत्तर माझ्या बायकोच्या फोनवर आलं, त्याच्याच आवाजात. ती भांडी आवरत होती, फोन ओट्यावर ठेवून तिने ते लावलं. मेहुणा आणि मी शाबासकी ऐकायला उभे. "छान झालंय, त्याला सांग. रेडिओवर लागतं तसं झालंय. मी कुठे आहे ते कळत नाही, पण छान झालंय. आणि त्याला म्हणावं, मी मध्ये मध्ये थांबलो ते विसरलो म्हणून नाही. त्याच्यासाठी थांबलो होतो. असू दे."

बायकोने नळ बंद केला. तिने भावाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "बाबांच्या बँडमध्ये दादा एक ओळ वाजवायचा आणि थांबायचा," ती मला म्हणाली. "मग हा उत्तर द्यायचा. माझ्या लग्नात तुझ्या कानांवरून गेलंय ते. तुला माहीत नसेल, तू नवरदेव होतास. याला माहीत होतं." मेहुणा म्हणाला, "ताई, त्याने मला सांगायचं तरी." ती म्हणाली, "सांगितलं की. अकरा मिनिटं सांगत होता." असं बोलताना तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

मेहुण्याने त्यानंतर दादाला फोन केले. थोरला उचलायचा, गोड बोलायचा, साखर किती आहे, थंडी किती आहे विचारायचा. पुन्हा वाजवून पाठवशील का, असं विचारल्यावर म्हणाला, "ट्रम्पेट मी पलीकडच्या आळीतल्या बँडला देऊन टाकलं रे. घरात नुसतं पडून होतं." नऊ वर्षं अबोला होता तेव्हा निदान राग तरी होता. आता रागही उरला नाही. दोघांच्या मध्ये आता चौकशा तेवढ्या राहिल्या आहेत, परक्या माणसांसारख्या. हे आम्ही केलं, चांगल्या मनाने केलं, आणि चांगल्या मनाने केलेल्या गोष्टीची माफीसुद्धा धड मागता येत नाही.

मेहुणा काही सुधारला नाही. माणसं अशी सुधारत नाहीत. कचऱ्याचा डबा अजून दहा मिनिटं आधीच बाहेर येतो आणि मधल्या काळात त्याने एका बंगाली ड्रमवाल्यालाही घालवलं. पण गेल्या रविवारी, भर दुपारी, तो सॅक्सोफोन घेऊन आमच्याकडे आला. भाषण नाही, रेकॉर्ड नाही. "ताई," तो म्हणाला, "तुझ्याकडे दादाचं ते पहिलं आहे ना, न कापलेलं? लाव." तिने फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला. थोरला वाजवू लागला, कोंबड्यासकट, थरथरत. पहिल्यांदा थांबला. मेहुण्याने तिथे उत्तर दिलं, अगदी लहानसं, दुसऱ्याच्या घरी पाहुण्याने बोलावं तसं. थोरला पुढची ओळ घेऊन आला. पुन्हा थांबला, पुन्हा याने उत्तर दिलं. मला संगीतातलं कळत नाही, पण तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात दोन माणसं बोलत होती एवढं मला कळलं. या माणसाच्या सगळ्या आयुष्यात मी त्याला कुणासाठी थांबताना पाहिलं असेल तर ते तेव्हा. मला त्याच्याबद्दल इतकी माया वाटली की मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

शेवटच्या जागेला मात्र त्याला वाजवता आलं नाही. ओठ लावले, पण सूर निघेना. फोनमध्ये थोरला थांबून होता. ही जागा सगळ्यांत लांब होती. खुर्ची करकरलेली ऐकू आली, लांबवर कुणीतरी कुणाला हाक मारली, आणि तरीही तो थांबून राहिला. मग तो हळूच "बरं" म्हणाला, आणि उरलेलं एकट्याने वाजवून संपवलं. तो "बरं" मी कापला होता. मला तो खोकल्यासारखा वाटला होता.