अर्थ सांगितल्यावर उघडणारं दार

"विमल, तुझी ताय दारात आलीय, पण अर्थ सांगत नाय." भाऊजींचा फोन आला तेव्हा मी मुरबाडला घरी भाकऱ्या थापत होते. त्यांच्या आवाजात घाबरेपणा नव्हता, थोडी तक्रार होती... नवरा-बायकोचं बिनसलं की मधल्या माणसाकडे करतात तशी. मी हसतच म्हटलं, "अहो, मग उघडा की दार!" कडी काढल्याचा आवाज फोनवर आला आणि मग भाऊजींच्या हाका, "सुमन, सुमन." माझी मोठी बहीण सुमनताई शहापूरला स्वतःच्याच उंबऱ्याशी, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन, बसल्या जागी गेली होती.

ताई शाळेत इंग्रजी शिकवायची. आम्ही वैशाखरे गावच्या मुली, आमच्या घरात इंग्रजी ही औषधाच्या बाटलीवरची भाषा. मी त्या भाषेपासून चार हात लांब राहिले, पण ताईला त्या शब्दांमध्ये नातीगोती दिसायची. "शब्दांना पण आडनावं असतात गो, फक्त ती आधी लावतात," असं ती म्हणायची. एस-एन आडनावाचे बहुतेक नाकाचे. स्नीझ म्हणजे शिंकणं, स्नोअर म्हणजे घोरणं, स्निफ म्हणजे हुंगणं. जी-एल आडनावाचे उजेडाचे. त्या घराण्यावर तिचा फार जीव. अर्थ मात्र ती पुस्तकातला कधीच सांगायची नाही. ग्लो म्हणजे राखेखालचा निखारा. ग्लिंट म्हणजे विळ्याच्या धारेवर पडलेलं ऊन. ग्लीम म्हणजे चिंच लावून घासलेला हंडा. ग्लिटर म्हणजे म्हसा गावच्या जत्रेतलं बांगड्यांचं दुकान. मी चिडवायचे, "तुझ्या पोरांनी परीक्षेत हंडा लिहिला तर गुण कोण देणार?" ती म्हणायची, "मी देईन."

भाऊजी भातसा धरणावर दरवाज्यांच्या कामाला होते. तिथली त्यांची शिस्त अशी की पाणी सोडायचा निरोप फोनवर आला की तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा, आणि पलीकडून 'बरोबर' आलं की मगच दरवाज्याला हात लावायचा. शब्द परत आल्याशिवाय काही उघडायचं नाही, हे त्यांच्या हाडीमासी खिळलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी धरणाजवळची भातसानगरची वसाहत सोडून शहापूरच्या कडेला छोटं घर बांधलं आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांची दृष्टी गेली. काचबिंदू. डॉक्टरांनी इंग्रजी नाव सांगितलं, ग्लॉकोमा. भाऊजी म्हणाले, "सुमन, ह्यो पण तुझ्या जी-एलवाल्यांचाच की गो! घराणं बुडवणारा निघाला." ताई त्या दिवशी हसली नाही. त्या संध्याकाळपासून तिने त्यांना उजेडाचे शब्द शिकवायला घेतले.

दाराचा खेळ त्यातूनच सुरू झाला. ताई बाहेर गेली की भाऊजी घरात एकटे, आणि बाहेर कोण उभं आहे ते दिसायची सोय नाही. मग ठरलं. ताईने बांगडी दारावर वाजवायची, भाऊजींनी आतून एक शब्द टाकायचा, तिने अर्थ सांगायचा, मग कडी निघायची. लुटुपुटीचा खेळ, पण दोघांनी तो धरणावरच्या कामासारखा पाळला. कधी ताई मुद्दाम वेळ लावायची, भाऊजी आत गालातल्या गालात हसत बसायचे. शेजारच्या बाया म्हणायच्या, म्हातारपणी चळ लागलाय दोघांना.

त्या संध्याकाळीही बांगडी वाजली. भाऊजी म्हणाले, "ग्लिमर." उत्तर आलं नाही. त्यांना वाटलं, छळतेय. ते थांबले. पुन्हा म्हणाले. पुन्हा थांबले... आणि मग मला फोन केला. डॉक्टर म्हणाले, दार लगेच उघडलं असतं तरी हाती काही लागलं नसतं. मी हे भाऊजींना नाना परींनी सांगितलं. त्यांचं एकच, "शब्द परत आला नाय गो. मी थांबायला नको होतं."

दिवसकार्य झाल्यावर मी त्यांना मुरबाडला नेण्यासाठी तिथेच राहिले होते. कारण त्यांनी कडी लावणंच सोडलं होतं. दिवसरात्र दार सताड उघडं, एकदा तर कुत्रं चुलीपर्यंत येऊन गेलं. दिवेलागणीला तेवढं ते दार लोटून घ्यायचे, पाटावर बसायचे आणि म्हणायचे, "ग्लिमर." मग कान देऊन थांबायचे. मी स्वयंपाकघरातून बघत राहायचे, हातातलं काम तसंच राहायचं. वैशाखऱ्यात वाढलेल्या बाईने चकव्याच्या इतक्या गोष्टी ऐकलेल्या असतात की भुताखेतांची भीती उरत नाही. पण दाराकडे लागलेला तो आंधळा चेहरा बघून माझ्या अंगावर काटा यायचा. कारण तेही थांबलेले आणि बाहेरही कुणीतरी थांबलंय, असंच वाटायचं.

माझा आणि ताईचा आवाज एक. फोनवर आईसुद्धा फसायची. भाऊजी हलेनात, म्हणून मी एकटीच मुरबाडला परतले होते. गेल्या आठवड्यात किन्हवलीमार्गे येणाऱ्या एसटीने मी पुन्हा शहापूरला उतरले, तेव्हा मनाशी ठरवूनच उतरले. त्यांचा अडकलेला शब्द आपण परत करायचा आणि माणसाला मोकळं करायचं. पाप लागलं तर लागो. दिवे लागायच्या वेळी मी त्या दारापाशी गेले. दार लोटलेलं होतं. बांगडी वाजवली. आतून शब्द आला नाही. तरीही मी घसा साफ केला आणि ताईच्या ठसक्यात म्हणाले, "मिणमिणता उजेड."

"कोण, विमल?" आतून भाऊजी म्हणाले. "ये की गो, बाहेर का उभी? ती मघाशीच आली."

मी दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबले. भाऊजी पाटावर बसले होते, इतक्या आठवड्यांनी तोंडावर हसू होतं. "अर्थ सांगूनच आली. म्हणाली, बा रातचा शेतावरना यायचा, लांब बांधावर कंदील हलायचा आनि तुमी दोघी दारात बसून बघायच्या ना, तो ग्लिमर."

आम्ही दोघी बसायचो. बा दिसेपर्यंत आई दार लावू द्यायची नाही. ताईने त्यांना हे कधीतरी सांगितलं असेल, तर असेलही. पण मी ते विसरूनच गेले होते, आणि ऐकल्याबरोबर तो कंदील मला लख्ख दिसला. मुरबाडला चला, हे शब्द ओठांवर आले होते, ते तिथेच राहिले.

"दार लावून घे गो," भाऊजी म्हणाले. "आता बाहेर कोन नाय."

मी आतून कडी लावली आणि चहाचं आधण ठेवलं. किती कपांचं, ते मी त्यांना विचारलं नाही.