शंभर टक्केवाल्यांची शाल

शाल माझ्या हातात कोंबली आणि साहेब माइकवरून म्हणाले, "मॅडम, घाला सरांच्या खांद्यावर. जरा प्रेरणा घ्या."

सभागृह हसलं.

दहावीच्या निकालानंतरची सभा. तालुक्यातल्या सगळ्या हायस्कूलांचे मुख्याध्यापक. आमच्या तालुक्याच्या शिक्षणसाहेबांनी एक पद्धत काढली होती. पहिल्या नंबरच्या शाळेचा सत्कार शेवटच्या नंबरच्या शाळेनं करायचा. ह्याला ते नवोपक्रम म्हणायचे. माणसाला चारचौघांत नागडं करायचं आणि त्याला सरकारी नाव द्यायचं.

शेवटची शाळा माझी. सरकारी हायस्कूल, गळकं छप्पर, मी प्रभारी मुख्याध्यापिका, येऊन वर्षही झालं नव्हतं. पहिली शाळा एका बड्या संस्थेची, आमच्यापासून पुढच्याच फाट्यावर. निकाल शंभर टक्के. त्यांच्या सरांनी मान आपसूक पुढे केली. हार घालून घ्यायची सवय असलेला माणूस. मी शाल घातली. फोटोवाला म्हणाला, "बाई, हसा की." मी हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला. यशाची परंपरा कायम. पोरांचे फोटो अंगठ्याएवढे, संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो दाराएवढा. परीक्षा जणू त्यांनीच दिली होती. त्यांची स्वतःची नातवंडं मात्र पाचगणीला, बोर्डिंगात. स्वतःच्या शंभर टक्क्यांवर अध्यक्षांचा एवढाच विश्वास.

त्याच आठवड्यात एक बाई लेकीला घेऊन माझ्या ऑफिसात आली. पोल्ट्रीच्या शेडवर कामाला जाणारी. हातात त्याच शाळेचा दाखला.

"आवं बाई, पाचवीपास्नं लेक त्याच साळंत हाय," ती म्हणाली. "कवा काय बोलली न्हाईत. आता नववी झाल्यावर बोलावलं, च्या पाजला, आन् म्हंत्यात, हिला दहावी न्हाई झेपायची. दुसरीकडं बगा. आमी कुटं न्यायची?"

मग मला कळलं. नववीच्या उन्हाळ्यात तिथं चाळण लागते. गणितात कच्चं, इंग्रजीत कच्चं, घरी शिकवायला कुणी नाही, असं पोर दिसलं की आईबापाला बोलावतात. रागवत नाहीत. फार गोड बोलतात. दाखला घेऊन जा म्हणतात, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. बाहेरून म्हणजे परीक्षा द्यायची, पण शाळेच्या निकालात त्या पोराचं नाव धरत नाहीत. कोंडा पाखडून टाकायचा आणि उरलेलं दाखवून मिरवायचं. त्यांची हुशारी ती एवढीच.

पोरीचं नाव मनीषा. इतका वेळ ती फरशीकडं बघत होती. मी दाखला घेतला तेव्हा तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"बाई, मी ढ हाय. नंतर तुमीपण काढनार का?"

तिच्या त्या प्रश्नानं माझी मान खाली गेली. आणि मग राग आला. असा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. ज्याच्या खांद्यावर मी शाल घातली, त्यानं पंधरा वर्षांच्या पोरीला तू टाकाऊ आहेस हे पटवून दिलं होतं. चहा पाजून.

"न्हाई काढनार," मी म्हटलं. तिच्याच बोलीत म्हटलं. माझीही तीच आहे, मी कडेगावकडची.

ती रोज शाळेआधी येऊन बसायची. अपूर्णांकापासून सुरुवात केली, कारण पाच वर्षांत तिथं कुणी तिला ते शिकवलंच नव्हतं. परीक्षेचे फॉर्म भरायच्या वेळी साहेबांचा फोन आला. "मॅडम, कच्चे असतील ते सतराला टाका. सगळेच टाकतात." मी टाकलं नाही. सगळी पोरं शाळेच्या नावानं बसवली.

निकाल लागला. मनीषा बाकी सगळ्यांत सुटली, गणितात अडकली. तिच्यासारखी अजून काही. आम्ही पुन्हा तळाला.

पुन्हा तेच सभागृह, तेच सर, तीच पुढे केलेली मान. मी शाल टेबलावर ठेवली आणि माइक घेतला.

"आमच्याकडं नापास झालेली मनीषा पाचवी ते नववी ह्या सरांच्या शाळेत होती. पाच वर्षं त्यांची, एक वर्ष माझी. मग ती नापास कुणाची, ते आधी ठरवा."

सर खाकरले. "मॅडम, हा गुणवत्तेचा विषय आहे, भावनेचा नाही."

"गुणवत्ता एवढी आहे, तर तुमच्या अध्यक्षांची नातवंडं पाचगणीला कशाला?"

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच खोकला आल्याचं नाटक केलं. तालुक्यातल्या मुख्याध्यापकांचं धाडस तेवढंच. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

"खाली बसा," साहेब म्हणाले.

"बसत नाही."

मी उभीच राहिले. शेवटी त्यांनीच सभा आवरली.

आता माझ्यावर कारणे दाखवा नोटीस आहे. सभेचा अवमान केला म्हणे. कारणं मी दाखवली आहेत, नावानिशी, आणि पोरांच्या आयांच्या सह्या खाली घेतल्या आहेत. बदली करतील, प्रभार काढतील. करू देत. मनीषा जुलैला गणिताला पुन्हा बसते आहे. ती पास झाली तरी शाळांचे नंबर लावताना हे जुलैचा निकाल धरत नाहीत. ह्यांना पोरगी शिकल्याशी देणंघेणंच नाही.

परवा त्या शाळेतून आणखी तिघं दाखले घेऊन आली. मी तिघांनाही दहावीच्या वर्गात बसवलं. म्हणजे पुढच्या वर्षीही शेवटचा नंबर आमचाच. चालेल. जिथं बदली होईल तिथंही शेवटचा नंबर काढेन, आणि दर सभेत ही पोरं कुणी हाकलली ते त्यांच्या तोंडावर सांगेन. शंभर टक्के लावायला मला एकही पोर गाळायचं नाही.