आंधळा सेन्सर

चाकणच्या कारखान्यात मी पत्रा कापणाऱ्या प्रेसवर होतो. पत्रा हाताने आत ठेवायचा, हात बाहेर काढायचा, पायाने पेडल दाबायचं. हात चुकून आत राहिलाच, तर सेन्सर प्रेसला खाली येऊ देत नसे. हिरवा दिवा लागलेला असला की सेन्सर चालू आहे असं समजायचं. देवापेक्षा माझा त्या दिव्यावर जास्त भरवसा होता.

मेंटेनन्समधला माझा मित्र म्हणजे कॉम्प्युटरचा किडा. एकदा प्रेस बंद पडली. तिचा पासवर्ड मशीन विकणाऱ्या कंपनीकडे, आणि त्यांचा माणूस काही येईना. यानं लॅपटॉप जोडून पासवर्ड तोडला. साहेबांनी पाठ थोपटली, आम्ही त्याला डोक्यावर घेतलं. अडलेलं काम सोडवलं होतं त्यानं, कुणाच्या घरात शिरला नव्हता. मला तर त्याचा अभिमानच वाटला.

मग एका संध्याकाळी आम्ही दोघं कंपनीच्या बसनं कासारवाडीला उतरलो. चहा घेताना तो हळूच म्हणाला, "राव, हात जपून घाल. सेन्सर सकाळीच प्रोग्रॅममधून उडवलाय. धुळीनं सारखा अडायचा, माल निघत नव्हता. साहेबच म्हणाले."

"अन् हिरवा दिवा?"

"तो चालूच ठेवलाय, नायतर सगळे बोंब मारतील. तुला म्हणून सांगितलं भावा. कुठं बोललास तर नोकरी जाईल माझी."

दिवसभर मी त्याच दिव्याच्या भरवशावर आत हात घालत होतो.

दुसऱ्या दिवशी मी पत्रे चिमट्यानं ठेवले. काम रेंगाळलं, शिव्या खाल्ल्या, पण हात आत घातला नाही. शिफ्ट संपली आणि माझ्या जागी नवीनच लागलेल्या मराठवाड्याच्या ताई आल्या. त्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं.

"सरका दादा," त्या म्हणाल्या, "दिवा हिरवाच हाय की."

पलीकडून मित्र मला मानेनं 'नको, नको' करत होता. मी झाडूचा दांडा उचलला, आत धरला आणि पेडल दाबलं. दांड्याचे दोन तुकडे झाले. ताई दोन पावलं मागं सरकल्या.

साहेबांना बोलवायला कुणीतरी धावलं. तेवढ्यात मित्र माझ्याजवळ आला.

"तुला सांगितलं होतं की मी," तो म्हणाला. "तुझे हात तर वाचणारच होते ना?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. प्रेसपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.