डॉक्टर एक्केचाळीसचा पंधरवडा

परागचं भलं व्हावं असं मला आजही वाटत नाही. वर्षं गेली की लोक विसरतात, माफही करतात म्हणे. मी केलेलं नाही. पण ही गोष्ट त्याची नाही, पुष्पलताताईंची आहे, आणि त्यांची सांगायची तर त्याचं नाव घेण्यावाचून गत्यंतर नाही.

अठ्ठ्याण्णव साली भाईंदर पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस सुरू झालं. बारा कॉम्प्युटर आणि एक एसी. एसी कॉम्प्युटरसाठी होता, आमच्यासाठी नव्हे, हे मालक गुणवंतभाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. शिकागोतले डॉक्टर पेशंट तपासून झाले की आपलं म्हणणं रेकॉर्डरवर बोलून ठेवत. तिकडे ते झोपले की ते आवाज आमच्याकडे येत आणि आम्ही दिवसभर हेडफोन लावून ते टाइप करायचो. पायाखाली शिलाई मशीनसारखं पेडल असायचं. दाबलं की डॉक्टर बोलायचा, पाय उचलला की गप्प. घरच्या पुरुषांनाही असं एक पेडल हवं, असं आम्ही बायका म्हणायचो.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. माझ्या शेजारच्या मशीनवर पुष्पलताताई बसायच्या. वय सत्तेचाळीस, गाव मुर्धा, लग्न नाही. फोर्टमधल्या एका जुन्या कंपनीत बावीस वर्षं स्टेनो होत्या. ती कंपनी इंग्रजांनी काढलेली. साहेब निघून गेले तरी त्यांची स्पेलिंगं, त्यांचे शब्द आणि 'सगळं लेखी हवं' ही सवय तिथेच राहिली होती. कंपनीला टाळं लागलं आणि ताई घरी बसल्या. घर भावाचं. दुसऱ्याच आठवड्यात भावजय म्हणाली, "आता घरातच हाव तर मोलकरीण काढून टाकते." ते वाक्य ताईंनी मला तीन वेळा तरी ऐकवलं असेल. ही नोकरी गेली तर आपल्या हातात काय येणार आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि ती नोकरी परागच्या हातात होती. पराग आमचा एडिटर. वय अठ्ठावीस. न्यू जर्सीत सहा महिने ट्रेनिंग घेऊन आला होता आणि ते सहा महिने तो आम्हाला रोज वाढून द्यायचा. आम्ही टाइप केलेलं तो तपासायचा. चूक सापडली की लाल शेरा. तीन लाल शेरे झाले की घरी.

ताईंचं टायपिंग असं की बोटं दिसायची नाहीत. पण त्या ट्यूमर लिहिताना एक 'यू' जास्त घालायच्या, थिएटरचा शेवट इंग्रजांसारखा करायच्या. अमेरिकेत तसं चालत नाही. हे शांतपणे सांगता आलं असतं. परागने भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर 'आजचा जोक' असा मथळा घातला आणि खाली ताईंचे शब्द लिहिले. "आंटी, राणी कशी आहे? बकिंगहॅमवरून डायरेक्ट भाईंदर फास्ट पकडली काय?" सगळे हसले. सांगते, मीही हसले होते पहिल्या दिवशी. ताईंनी मान वर केली नाही. त्या दिवशी त्यांना पहिला लाल शेरा मिळाला.

महिन्याभरात त्यांनी सगळी स्पेलिंगं बदलून घेतली, पण 'आंटी' आणि 'राणी' काही सुटलं नाही. डबा उघडला की, "आज राणीकडे काय, सुका बोंबील?" गावची माणसं त्याला वासावरून ओळखू येतात म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. ताई डबा बंद करून जिन्यात जाऊन जेवायच्या. मग मीही जिन्यात जायला लागले.

जानेवारी नव्याण्णवमध्ये ताईंच्या वाट्याला डॉक्टर एक्केचाळीस आला. आम्हाला डॉक्टरांची नावं नसत, आकडे असत. हा हाताचं ऑपरेशन करणारा सर्जन होता, त्याचं बोलणं कोणाला कळेना, म्हणून परागने ते ताईंच्या गळ्यात मारलं. ताईंनी पेडल दाबलं आणि अर्ध्या मिनिटात हसल्या. ऑफिसात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. "संपदा," त्या म्हणाल्या, "हा तर आमच्या फोर्टचा साहेब हाय!"

डॉक्टर इंग्रज होता. बावीस वर्षं शिकागोत. रेकॉर्डर बंद करायला विसरायचा आणि बोलत राहायचा. ते टाइप करायचं नसे, पण ऐकू तर यायचंच. चहा मागितला तर कोमट पाण्याचा कप आणि बाजूला दोरीवाली पुडी आणून देतात, यावरून तो रोज चिडायचा. एकोणिसाव्या मजल्यावर एकटा राहायचा. खिडकीतून गोठलेलं तळं दिसायचं. रविवारी बहीण फोनवरून क्रिकेटचा स्कोअर सांगायची, तोच त्याचा सण. तिथली भाषाही इंग्रजीच, तरी दुकानात टोमॅटो मागितला की पोरी "परत म्हणा ना" म्हणून खिदळायच्या. आणि बिल्डिंगचा दरवान रोज सकाळी विचारायचा, राणी कशी आहे?

"बघ," ताई म्हणाल्या, "त्यालापन एक पराग भेटलाय."

त्यानंतर त्या त्याच्या फायली जीव लावून करायच्या. आणि त्याच फायलींपैकी एकीवर त्यांना दुसरा लाल शेरा मिळाला.

डॉक्टर म्हणाला होता, टाके काढायला पेशंटने 'फोर्टनाइट'ने यावं. म्हणजे पंधरा दिवसांनी. ताईंनी तेच लिहिलं. परागने ते खोडून 'फोर नाइट्स' केलं. चार रात्री.

ताई त्याच्या टेबलाशी गेल्या. "सर, शब्द फोर्टनाइट आहे. डॉक्टर इंग्रज आहे."

"आंटी, अमेरिकेत फोर्टनाइट नसतं. टू वीक्स म्हणतात. मी राहिलोय तिकडे. हॉस्पिटलचा हिशेब रात्रींवर चालतो, फोर नाइट्सच बोलतोय तो. तुमची राणी सोडा आता." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "डॉक्टर फोर्टी-वनला पण इंग्रज करून टाकला आंटीने!"

अमेरिकेत तो शब्द नाही हे खरंच होतं. आपल्याकडे आहे. ताईंचे वडील मिठागरावर होते. अमावस्येच्या आणि पुनवेच्या उधाणाला खाडीचं पाणी आत घ्यायचं, पुढचं पाणी थेट पंधरवड्याने. पंधरवडा चुकला तर मीठ चुकलं. त्या बाईला हा माणूस पंधरवडा शिकवत होता.

जिन्यात आल्यावर ताई उसळल्या. "फोर नाइट न्हाय, फोर्टनाइट हाय! मी आत्ता शिकागोला चिठ्ठी लावते." तशी सोय होती. शब्द कळला नाही तर फाइलसोबत डॉक्टरला चिठ्ठी जोडता यायची आणि ती एडिटरला न विचारता थेट जायची.

मी त्यांचा हात धरला. "थांबा, ताई. एका चुकीवर काय होणार? सॉरी म्हणेल आणि सुटेल. वर तुम्हाला तिसरा शेरा देईल. पाच-सहा होऊ देत. मग असा आपटू की परत उठायचा नाही."

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. "आणि पेशंट?"

"चार दिवसांनी गेला तर परत पाठवतील. त्यात काय मरणार आहे कोणी?"

त्या पायरीवर टेकल्या. मग डोळे पुसले, साडी सारखी केली आणि फोर्टच्या स्टेनोसारख्या ताठ चालत परागकडे गेल्या. "सर, तुम्ही म्हणता तसंच टाइप करीन. फक्त लेखी द्या."

पराग इतका हसला की त्याला ठसका लागला. "लेखी? सरकारी ऑफिस वाटलं काय?" पण दिलं. कागदावर मोठ्या अक्षरात, डॉक्टर एक्केचाळीसच्या सर्व फायलींमध्ये 'फोर नाइट्स' असेच लिहावे, खाली सही आणि तारीख. सहीखाली एक मुकुटही काढला. ताईंनी त्या कागदाची घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवली.

मग आम्ही वाट पाहिली. खोटं कशाला बोलू, ते दिवस मला फार आवडले. डॉक्टर फोर्टनाइट म्हणाला की ताई माझ्याकडे बघायच्या, 'फोर नाइट्स' टाइप करायच्या आणि वहीत फाइलचा नंबर आणि तारीख लिहून घ्यायच्या. पराग फळ्यावर जोक लिहायचा आणि मी मनात म्हणायची, लिही बाबा, लिही. दोन झाले. तीन झाले. ताई अधूनमधून म्हणायच्या, "आता लावू चिठ्ठी?" मी म्हणायची, थांबा. आमचा पंधरवडा झाला तेव्हा सहा फायली जमल्या होत्या.

त्या दिवशी ताईंनी चिठ्ठी जोडली. साहेबी इंग्रजीत, एकही कडवट शब्द नाही. सहा नंबर, सहा तारखा, परागच्या लेखी आदेशाची नक्कल, आणि शेवटी, आपण फोर्टनाइट म्हणालात असे मला ऐकू आले, कृपया खात्री करावी.

दोन दिवसांनी शिकागोच्या ऑफिसचा फॅक्स आला. गुणवंतभाई तो आणि ताईंकडून मागून घेतलेला मूळ कागद हातात घेऊन बाहेर आले, तोंड लालबुंद. "पराग, आ शूं छे? ये तेरा सही है?" मुकुटासकट सही होती, नाही कसं म्हणणार? अर्ध्या तासात तो लाल पेनं खिशात घालून जिना उतरत होता. मी मुद्दाम जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले आणि विचारलं, "राणीला काही निरोप?" त्याचे डोळे भरले होते. मला गुदगुल्या झाल्या. खाली जाऊन मी सगळ्यांसाठी वडे आणले आणि फळा ओल्या फडक्याने पुसला. ताईंना परागचं टेबल मिळालं. त्यांनी त्यावर डबा उघडला, बोंबलाचाच, आणि सगळ्यांच्या देखत जेवल्या.

चार दिवसांनी डॉक्टर एक्केचाळीसची नवी फाइल आली. एडिटर झाल्या तरी ती ताईच करत. त्यांनी पेडल दाबलं. चेहरा खुलला. मग पाय पेडलवर तसाच राहिला आणि चेहऱ्यावरचं सगळं गेलं. हेडफोन काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "ऐक."

आधी त्याने आभार मानले होते. फोर्टनाइट समजणारं माणूस या शहरात मला बावीस वर्षांत मिळालं नाही, तुम्ही कोण आहात ठाऊक नाही, पण माझ्याकडून एक कप खराखुरा चहा घ्या, असं म्हणाला. मग घसा साफ करून पेशंटबद्दल बोलू लागला. मिसेस नोवाक, वय एकाहत्तर, एकट्या राहतात. उजव्या हाताचं ऑपरेशन झालेलं. कागदावर चार रात्री लिहिल्या होत्या म्हणून चौथ्या दिवशी दोन बस बदलून बर्फातून आल्या. अजून वेळ आहे म्हणून त्यांना परत पाठवलं. दारातच बर्फावरून पाय घसरला. डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं. आता दोन्ही हात बांधलेले, घास भरवायलाही कोणी नाही. पुढे त्याचा आवाज खाली आला. त्या कागदावर मी न वाचता सही केली, दोष माझाही आहे, असं म्हणाला. आणि मग म्हणाला, हे मला एक पंधरवडा आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

ताईंनी वही काढली. मिसेस नोवाकची फाइल तिसरी होती. पहिल्याच दिवशी चिठ्ठी गेली असती तर ती बाई त्या दारात आलीच नसती.

मी काहीतरी बोलायला गेले. ताईंनी हाताने थांबवलं, हेडफोन परत घेतला आणि तो सगळा भाग टाइप केला. डावं मनगट, दोन ठिकाणी, वय एकाहत्तर. एकही चूक नाही. मग जिन्यात जाऊन रडल्या. मी मागोमाग गेले, तर म्हणाल्या, "तू जा, संपदा. तुझी फाइल रायलीय."

परागचं मला वाईट वाटत नाही. तो पुढे कधीतरी स्टेशनसमोर एका एसटीडी बूथवर बसलेला दिसला, तेव्हाही मला बरंच वाटलं. पण 'थांबा' म्हणणारी मी होते. ताईंनी ते मला कधी बोलून दाखवलं नाही, पुढची सहा वर्षं आम्ही शेजारी बसून काम केलं, सणाला त्यांच्या घरून माझ्याकडे डबा यायचा. फक्त एक झालं. संध्याकाळी निघताना मी "थांबा ताई, मीही येते" म्हटलं, की त्या पिशवी उचलून चालू लागायच्या.