गमतीतल्या बाईचे केस

आमच्या खड्या गमतीत बाईचं काम करणारा जो माणूस होता, त्याला गावात सगळे ‘बाई’च म्हणत. कमरेपर्यंत केस. दिवसा त्यांचा अंबाडा घालून वर पटका बांधायचा आणि शेतात डवरा हाकायला जायचं. कोणी हाक मारली, “काय व बाई, पराटी कशी हाय?” तर तो तितक्याच साधेपणानं आपल्या कपाशीचं सांगायचा. मी त्यांना दादा म्हणे.

खडी गंमत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मंच नाही, पडदा नाही. लोक गोल करून बसतात. मधे शाहीर डफ घेऊन उभा, मागे ढोलकी आणि झांज, एक सोंगाड्या आणि लुगडं नेसलेला एक पुरुष. सगळं उभ्यानं. झांजेवर मी असे.

मी मूळचा कोकणातला, राजापूरकडचा. पाचवीत शाळा सुटली. घरी खाणारी तोंडं बरीच, म्हणून मामानं यवतमाळला जिनिंगमध्ये आणलं. सरकी काढायचा हंगाम संपला तसा मामा मुंबईला निघून गेला आणि मी राहिलो. दादा त्याच जिनात रुईच्या गाठी ओढत. ते मला बोरी अरबच्या अलीकडच्या त्यांच्या गावी घेऊन आले. वहिनींनी कोण, कुठला, किती दिवस, काही विचारलं नाही. ताटात भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली आणि म्हणाल्या, “भाऊजी, भात नाई भेटत इकडे. रडाचं नाई.” मी तीन वर्षं त्यांच्या ओसरीवर राहिलो. आपण इथं कुणाच्या तरी मर्जीवर आहोत, हे माझ्या मनातून एक दिवसही गेलं नाही. घागर भरून आण, गोठा झाड, कोणी सांगायच्या आत मी ते करून टाकी.

वहिनी रोज सकाळी दादांचे केस विंचरत. स्वतःच्या वेणीला त्यांना वेळ नसे, पण नवऱ्याच्या केसांना रिठा, तेल, सगळं. “मले नवरा नाई, सवत भेटली,” म्हणत आणि फणी ओढत. दादा ओरडत, “हळू व!”

महाराष्ट्र होऊन एक-दोन वर्षं झाली असतील. त्या श्रावणात दादांचे वडील गेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, शेजारच्या गावात दुपारची गंमत ठरलेली होती आणि शाहिरानं त्या गावच्या पाटलाकडून विडा घेतला होता. विडा घेतला की माघार नसते.

दहाव्याच्या आदल्या दिवशी शाहीर आले. अंगणातच उभे राहिले. “मिशा देऊन टाक,” म्हणाले. “डोक्श्यावरचे राहू दे. लहाना भाऊ हाय ना, थो देते.”

“अन् मले मिशा कुठं हायेत?” दादा म्हणाले. त्याही वेळी शाहिराला हसू आलं.

धाकटा भाऊ खरंच तयार होता. “मी देतो ना, दादा. बुढा काई रागावला नसता.”

“मोठा मी हाओ. आग मी देल्ली. केस बी माहेच जातीन.”

नदीवर न्हाव्यानं वस्तरा लावण्याआधी कात्रीनं वेणी अख्खी कापली. त्याचाही हात जरा थांबला होता. गमतीचा नादी माणूस. “पान्यात सोड,” एक म्हातारा म्हणाला. दादांनी वेणी ओल्या उपरण्यात गुंडाळली आणि घरी आणून वहिनींसमोर ठेवली.

“गंगावन कर याचं. कोकण्याच्या डोक्श्याले बांधाचं हाय.”

वहिनी मागे सरकल्या. “सुतकातले केस दुसऱ्याच्या डोक्श्यावर?”

“केस माहे हायेत. बुढ्याचे नाई.”

मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी नाही म्हटलं नसतं. झांज वाजवून वाजवून सगळी पदं मला पाठ होती. दाढी धड फुटली नव्हती. संध्याकाळी शाहीर पुन्हा आले आणि माझ्याकडे बघून नुसते म्हणाले, “पाह्य, लेका.” त्या शब्दात दादांची जागा माझ्याकडे आली. मला हुरूप आला होता, हे सांगायलाच हवं. वहिनींकडे बघताना मात्र मान वर होईना.

सुतकाच्या घरात ढोलकी वाजत नाही, टाळीसुद्धा नाही. म्हणून दादा घोंगडीवर बसल्या बसल्या गुडघ्यावर एक बोट आपटत आणि मी अंगणात त्या बोटाकडे बघून चाल करी. चुकलो की बोट थांबे. मग ते हलक्या आवाजात म्हणत, “बाई चालून राह्यली का म्हैस?” भेटायला आलेल्या बाया पदर तोंडाला लावून बघत. वेणी मागून पुढे टाकायची आणि मान वळवून शाहिराभोवती फिरायचं, ही त्यांची खास अदा. मला ती जमेना. गंगावन जड होतं, मान त्याच्याबरोबर ओढली जाई. “तुया मानेले वेनीचं भेव वाट्टे,” ते म्हणाले. “तूच तिले ओढ, तिनं तुले नाई.” पुढे जमली.

तेरावं झालं. पाडव्याला दुपारी आम्ही त्या गावी पोचलो. बैलांच्या शिंगांचा आदल्या दिवशीचा रंग अजून ओला वाटत होता. वहिनींनी स्वतःचं चांगलं लुगडं मला दिलं होतं. मारुतीच्या देवळासमोर गोल झाला. पहिलं पद ताठ पायांनी कसंबसं गेलं, दुसऱ्याला लोक डोलायला लागले. आणि मी वेणी पुढे टाकून फिरलो तेव्हा कोणीतरी ओरडलं, “अबे, ही तं नवी बाई! लय झकास!” पाटलांनी मांडीवर थाप मारली.

तेवढ्यात मला दादा दिसले. ते आमच्याबरोबर आले नव्हते. बहुधा मागून चालत आले असतील. गर्दीच्या मागे, एका खाचराच्या, बैलगाडीच्या, चाकाला टेकून उभे होते, डोक्यावरून दुपट्टा घेतलेला. माझी मान कशी वळते ते बघत होते.

मला ते सहन झालं नाही. वाटलं, ही वाहवा त्यांची आहे, लोकांनी त्यांना बघितलं पाहिजे. मी नाचत नाचत गर्दीतून गेलो, त्यांचा हात धरला आणि त्यांना गोलात ओढून आणलं.

गमतीचा एक रिवाज आहे. बाई ज्याचा हात धरून गोलात आणते, तो त्या वेळेपुरता तिचा नवरा. आणि त्या नवऱ्याची खिल्ली उडवणं हे सोंगाड्याचं काम. मी स्वतः झांजेमागून त्यावर किती हसलो होतो! पण त्या क्षणी मला ते आठवलं नाही. सोंगाड्याला विचार करायची सवयच नव्हती. त्यानं दुपट्टा उडवला आणि बोलून गेला, “अगं बाई, हा नवरा आनला का महादेवाची पिंड?”

ढोलकीनं थाप दिली. सगळं गाव हसलं.

सोंगाड्याचं तोंड पडलं. दादांबरोबर तो दहा-बारा वर्षं उभा राहिला होता. बाप जाऊन पंधरवडा झालेला माणूस, आणि त्याच्या त्या डोक्यावर लोक हसत होते. माझ्या हातात त्यांचा हात होता आणि तो मी सोडूही शकत नव्हतो, धरूही शकत नव्हतो. थांबता येत नाही गमतीत. ढोलकी वाट बघत होती.

दादांनी एकदा डोक्यावर तळवा ठेवला. मग नसलेली वेणी खांद्यावरून पुढे टाकली, मान वळवली आणि चालायला लागले. “पिंड नाई, बाप्पा,” म्हणाले, बाईच्याच आवाजात. “मी नवरा बी नाई. सवत हाओ मी इची.” लोक एकमेकांवर पडले. मग ते पाटलांसमोर जाऊन हात जोडून उभे राहिले. “न्याय करा, पाटील! माहे केस नेले हो इनं! पाहा, तिच्या डोक्श्यावर हायेत का नाई?”

पाटलांच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. ते वाक्य शब्दशः खरं आहे, हे त्या गोलात आम्हा मंडळींखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. मला उत्तर द्यायचं होतं, सवतीसारखं फणकाऱ्यानं. मी नुसती वेणी चाचपत राहिलो. दादा पुटपुटले, “बोल ना बे.” मी काहीतरी बोललो. काय ते आज आठवत नाही. लोक त्यालाही हसले.

गंमत बघायला आलेल्या धाकट्या भावानं घरी वहिनींना सगळं सांगून टाकलं. वहिनी चुलीपुढे बसल्या होत्या. “त्यायचा हात तुमी धरला म्हने, भाऊजी.”

“हो.”

“कायले?”

त्यांनी भाकर तव्यावरून काढली, ताटात टाकली आणि ताट माझ्याकडे सरकवलं. त्या दिवशी एका तरी शब्दानं त्यांनी मला हाकललं असतं तर बरं झालं असतं, असं मी पुढे पुष्कळदा मनाशी म्हटलं. ते खोटं आहे. हाकललं असतं तर जायला जागा नव्हती, आणि ताट सरकवलं म्हणून मला हायसंच वाटलं होतं.

त्यानंतर जिथं तिथं मागणी आली, दोन सवती पाहिजेत, एक वेणीची आणि एक बोडकी. होळीपर्यंत आम्ही तेच केलं. मग हंगाम संपला, दादांचे केस वाढू लागले, कानांवर आले, मानेवर आले. वहिनींनी पुन्हा फणी काढली. एवढ्याशा केसांना त्या तेल लावत बसत, आणि मला दिसेल असं बसत.

पोळा पुन्हा आठवड्यावर आला. शाहिरांनी विचारलं, “मंग? वाढवतं का उतरवतं?” मी लगेच म्हणालो, “दादा, वाढू द्या. मी झांजेवर जातो. नाहीतर गावी जातो.”

“गावी तुयी वाट पाहून राह्यलं का कोनी?” ते म्हणाले. मी झांजेची दोरी गुंडाळू लागलो.

“चार सालं लागन केस याले. तवरी म्या चाळीशी गाठली. लोकाले बोडकी सवत पाहिजे, तं घ्या सवत.” आणि ते उठून न्हाव्याकडे निघाले. वहिनी दारात होत्या. हातातली फणी कोनाड्यात ठेवून आत गेल्या.

मी दादांच्या मागे निघालो. अजून थांबवता आलं असतं. वाट बरीच लांब होती. मनात वाक्यं जुळवत होतो. न्हाव्यानं डोक्याला पाणी लावलं, वस्तरा पट्ट्यावर घासला आणि पहिली बट खाली पडली. वेणीची सवत मीच राहणार होतो, माझी जागा टिकली होती. मला इतकं मोकळं वाटलं की मी तोंड फिरवून उभा राहिलो, दादांना दिसू नये म्हणून.