जर्मन पाइप, फ्रेंच नळ आणि तळोज्याची भिंत

टेस्ट बेंचवर पहिला थेंब पडला तेव्हा लुक जर्मन बाजूकडे बघत होता आणि डिर्क फ्रेंच बाजूकडे. गळती समोरच्याचीच, याची दोघांनाही खात्री होती. मी पीस पुसून कोरडा केला, पंपाने पाण्याचं प्रेशर पुन्हा चढवलं आणि आम्ही तिघं वाकून बघत बसलो. थेंब बरोबर मधून आला.

ही गोष्ट दोन हजार दहाच्या आसपासची. मी राहायला खांदा कॉलनीत आणि नोकरीला तळोज्याच्या एका छोट्या कारखान्यात, क्वालिटीला. क्वालिटी म्हणजे माल बाहेर जाण्याआधी त्याला घरच्या माणसाने नावं ठेवायची. आम्ही आगीच्या बंबाला लागणारी फिटिंग्ज बनवायचो. आमचं मोठं गिऱ्हाईक नुकतंच दुसरीकडे गेलं होतं. ही नवी ऑर्डर हातची गेली तर दुसरी शिफ्ट बंद करायची, असं आमचे मालक म्हात्रेशेठ स्वतःच बोलून बसले होते. त्या शिफ्टमधली माणसं रोज सकाळी माझ्याकडे परीक्षेचा निकाल विचारावा तशी बघायची.

ऑर्डर होती एका अडॅप्टरची. बंबाचा पाइप नळाला जोडतात त्या तोंडाला कपलिंग म्हणतात. आपल्याकडे त्यात एक नर आणि एक मादी असते, एक दुसऱ्यात बसते. युरोपात बऱ्याच ठिकाणी दोन्ही तोंडं सारखी असतात, आकडे एकमेकांत अडकवून फिरवायचे. फक्त जर्मनीचे आकडे वेगळे आणि फ्रान्सचे वेगळे. ऱ्हाईन नदीच्या अलीकडे-पलीकडे या दोन देशांची गावं आहेत, मधे पूल आहे, आणि एकाकडे आग लागली तर दुसऱ्याचा बंब पूल ओलांडून येतो, असा त्या दोन भागांचा करार. करार झाला, बंब आले-गेले, पण पाइप जुळेना. म्हणून एका बाजूला जर्मन तोंड आणि दुसऱ्या बाजूला फ्रेंच तोंड असलेला तुकडा हवा होता. तिकडची एक आयात करणारी कंपनी आमच्याकडून तो बनवून घेणार होती. पण सॅम्पलवर दोन्हीकडच्या अग्निशमन दलांची सही हवी, अशी अट. मुंबईत एक प्रदर्शन होतं, त्याच्या निमित्ताने दोन्हीकडचा एकेक अधिकारी आमच्याकडे आला होता. डिर्क जर्मन, लुक फ्रेंच.

शेठनी त्यांचा पाहुणचार व्याह्यांसारखा ठेवला होता. मला आधीच बजावलं होतं, "बाय, दोगांना येकच नारल, येकच खुर्ची. कमी-जास्ती नको." मी म्हटलं, शेठ, यातला मुलीकडचा कोण? ते म्हणाले, दोघंही मुलाकडचे समज, म्हणजे चूक व्हायची नाही. दोघांना नारळ एकाच क्षणी मिळावा म्हणून शेठनी दोन्ही हात एकदम पुढे केले. त्याचा फोटो अजून ऑफिसात आहे.

तर थेंब मधून आला. आमचा अडॅप्टर दोन अर्ध्यांचा होता. जर्मन अर्धं, फ्रेंच अर्धं आणि मधे आटे पाडून एकमेकांत घट्ट बसवलेलं. मी दोन्ही ड्रॉइंग टेबलावर शेजारी शेजारी पसरली. जर्मन ड्रॉइंग मधल्या रेघेपर्यंत अगदी चोख. फ्रेंचही तसंच चोख, त्याच रेघेपर्यंत. रेघेवर काय करायचं ते दोघांनीही लिहिलं नव्हतं. दोघांनाही वाटलं होतं, तेवढं दुसरा बघेल.

डिर्कने खिशातून अग्निशामकांचे जाड हातमोजे काढले, ते घालून फ्रेंच तोंड नळासारख्या फिक्स्चरला लावलं आणि दुसऱ्या तोंडाला जर्मन पाइप जोडून तो जोरात फिरवून काढायला गेला. पाइप निघाला नाही. मधले आटेच फिरले आणि अडॅप्टरचे दोन तुकडे झाले. एक त्याच्या हातात, एक फिक्स्चरवर. सगळा कारखाना बघत होता. लुकने जोडातून खाली पडलेलं रबर उचलून माझ्या हातात दिलं. ते मला फार लागलं.

जेवताना मी विचारलं की मधे स्क्रू मारून पक्कं केलं तर चालेल का. लुक म्हणाला, आगीत धक्के बसतात, स्क्रू आज धरेल, उद्या सांगता येत नाही. मग डिर्कने काटा खाली ठेवला आणि हे सगळं कशासाठी चाललंय ते सांगितलं. लुकच्या भावाचा गाईंचा गोठा पेटला होता. डिर्कचा बंब सगळ्यात आधी पोचला, पूल ओलांडून. बंबातलं पाणी थोड्या वेळात संपलं. रस्त्यावरचा फ्रेंच नळ शेजारीच होता.

"पाणी माझ्या हाताजवळ होतं," तो इंग्रजीत म्हणाला. "माझ्या हातात पाइप होता. आणि मी नुसता उभा होतो."

लुक त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की भाऊ याला दर वर्षी चीज पाठवतो, तरी हा अजून असंच सांगतो.

दोघांना परवा परत जायचं होतं. सही झाली नाही तर कंपनी दुसरीकडे बघणार होती, ते त्यांनी सरळच सांगितलं. उपाय मला दिसत होता. अख्खा अडॅप्टर एकाच ॲल्युमिनियमच्या गजातून काढायचा, मधे जोडच ठेवायचा नाही. पण तेवढ्या जाडीचा गज आमच्याकडे नव्हता. कळंबोलीच्या लोखंड बाजारात फोन केले, लोखंड हवं तेवढं, ॲल्युमिनियमचा तो साइज नाही. शिवाय आकडे कोरायला व्हीएमसी लागते. संगणकावर चालणारं मिलिंग मशीन. आमच्याकडे नुसते लेथ, गोल कातायचे.

गज आणि व्हीएमसी दोन्ही भिंतीपलीकडे होतं. शेजारची शेड शेठच्या चुलतभावाची, बाळारामशेठची. गावची जमीन कारखान्यांसाठी गेली तेव्हा दोघांनी मिळून या दोन शेड घेतल्या होत्या. मग पावसाच्या पाण्याचं गटार कोणाच्या हद्दीतून जावं यावरून वाजलं, मधे भिंत उभी राहिली आणि बोलणं बंद झालं. लग्नपत्रिकासुद्धा पोस्टाने यायच्या.

मी शेठना म्हटलं, पलीकडे जाऊ का. त्यांनी नारळ देतानाच्या फोटोतला ताठ चेहरा केला. मग म्हणाले, "मी त्याच्या दारात नाय जानार. तुला जायाचा असंल तर मी आडवनार नाय." आमच्या शेठच्या भाषेत ही विनंती होती.

बाळारामशेठनी मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हात्रेशेठचं नाव न घेता विचारलं की काय काम. मी ऑर्डरबद्दल, शिफ्टबद्दल बोलत राहिले. ते ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. भावाची ऑर्डर जाते म्हणून ते रडणार नव्हते. मग मी गोठ्याचं सांगितलं.

"गुरं होती आत?" त्यांनी विचारलं.

"होती."

"आन पानी?"

"पाणी होतं. जोडता आलं नाही."

ते उठले. मग त्यांनी ऑपरेटरला हाक मारली आणि मशीनवर चढवलेला त्यांचा स्वतःचा जॉब उतरवायला सांगितला. चढवलेला जॉब उतरवणं म्हणजे सगळं सेटिंग मोडणं. ज्याने हे काम केलंय त्यालाच कळेल की तो माणूस मला काय देत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी चष्मा पुसायच्या निमित्ताने टिपलं.

पुढचा दिवस भिंतीवरून गेला. खरोखरच भिंतीवरून. गज त्यांच्याकडून आला, आमच्या लेथवर गोल झाला, आकडे कोरायला पुन्हा त्यांच्याकडे गेला. दोन्ही बाजूंना एकेक स्टूल ठेवलं होतं, इकडचा माणूस वर चढून द्यायचा, तिकडचा घ्यायचा. गेटने फिरून जायला दोन्हीकडची माणसं कचरत होती. लुकने विचारलं, दरवाजा का वापरत नाही? मी म्हटलं, सीमाप्रश्न आहे. दोघं मनापासून हसले. त्यांना आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी एकसंध अडॅप्टर बेंचवर लागला. डिर्कने हातमोजे घालून तो लावला, काढला, उलटा लावला, पुन्हा काढला. लुकने प्रेशर ठरल्यापेक्षा वर नेलं. मी शेजारी वाकून बघत राहिले. कोरडा. मग दोघांनी मिळून एकच ड्रॉइंग काढलं, एका कागदावर, मधल्या रेघेशिवाय, आणि खाली दोघांनी सही केली. माझीही घेतली. दुसरी शिफ्ट चालू राहिली. बाळारामशेठच्या मशीनलाही पुढे नेमाने काम मिळालं, कारण आकडे कोरायला आम्हाला तेच लागणार होतं.

नंतरच्या हिवाळ्यात डिर्कची मेल आली. या वेळी आग जर्मन बाजूच्या एका गोठ्याला लागली होती आणि पूल ओलांडून आला होता लुकचा बंब. मी मेल शेठना मराठीत वाचून दाखवली. लुकने आमच्या अडॅप्टरने जर्मन नळाला पाइप जोडला, पाणी तुटलं नाही, गुरं सगळी बाहेर निघाली. शेठनी दोनदा वाचायला लावलं.

"त्याला पन वाचून दाव," ते म्हणाले.

मी म्हटलं, आता तुम्हाला पाठ झालंय, तुम्हीच सांगा. ते उठले, चपला घातल्या आणि गेटने बाहेर पडून शेजारच्या गेटने आत गेले. त्या दिवशी ते डबा खायला परत आलेच नाहीत. मी त्यांचा डबा शिपायाला दिला आणि बराच वेळ उगाच खूश होते. मी भिंतीपलीकडे मागायला गेले आणि रिकाम्या हाताने परत यावं लागलं नाही, याचं ऋण मी आजही मानते.

आता रिटायर झाले तरी ओळखीची पोरं ड्रॉइंग दाखवायला येतात. दोघांनी मिळून काढलेलं असलं की मी पहिल्यांदा विचारते, मधला भाग कोणी बघितला? दोघंही एकदम म्हणतात, त्याने. मग मी चहा ठेवते आणि त्यांना पहिल्यापासून, एकाच कागदावर, काढायला बसवते.